पाचवं घर

सरकारच्या लेखी वाडी म्हणवून घ्यायला पाच घरं लागतात. माणसं किती, बदकं किती, भाताचा दाणा कसा भरला, हे कुणी विचारत नाही. पाच घरं, पाच चुली. चार झाली की वाडीचा नंबर खोडायचा आणि उरल्यासुरल्यांना शेजारच्या वाडीत ढकलायचं. साम्रित कालव्यावरच्या सहा नंबरच्या वाडीत त्या वर्षी मोजून पाच घरं उरली होती, आणि थविन तिथला थोरला होता. थोरला म्हणजे वाडीचा प्रमुख. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, जेमतेम मानधन, आणि कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर तालुका कचेरीत पोचवायची. बावीस वर्षं तो हे करत आला होता. पुढच्या सोंगक्रानला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, त्याला साठावं लागणार होतं, आणि साठाव्या वर्षी थोरलेपण आपोआप सुटतं. मग नवा थोरला निवडायचा की वाडीच मोडायची, एवढाच प्रश्न कचेरीला पडला होता.

कचेरीचं काय सांगावं. आज ती हमरस्त्यावर काचेच्या इमारतीत बसते, पण तिची सुरुवात तराफ्यावर झाली. कालवा खणला तेव्हा इथे लव्हाळ्याचं रान आणि हत्ती होते म्हणतात. पहिला तालुका अधिकारी बांबूच्या तराफ्यावर छप्पर टाकून बसायचा. पूर आला की कचेरी वर, ओसरला की खाली. एका वर्षी दोर तुटला आणि कचेरी साहेबासकट दोन मैल वाहत गेली. साहेब मोठा खमक्या. जिथे अडकला तिथूनच महिनाभर त्याने कारभार हाकला, आणि लोक कामासाठी तिथे येऊ लागले म्हणून तिथे बाजार बसला. तो बाजार अजून आहे. त्याच साहेबाने नावेत बसून वाड्यांना नंबर दिले. डाव्या तीराला एक ते चार, उजव्या तीराला पाच, सहा, सात. सहाचा पहिला थोरला थविनचा पणजा.

पुढे डाव्या तीराला रस्ता झाला. तिकडच्यांनी घरंच फिरवली, पुढचं दार रस्त्याकडे आणि खरकटं कालव्याकडे. सातला पूल मिळाला, पाचला भातगिरणी. सहाला काहीच मिळालं नाही. चाळीस घरांतली माणसं एकेक करून उठली. कुणी बँकॉकला, कुणी कारखान्यांकडे, कुणी नुसतं पलीकडे रस्त्याला. उरले बदकवाला, कमळं पिकवणारं जोडपं, माशांचे पिंजरे लावणारा म्हातारा आणि त्याची बहीण, संग्वान, आणि थविन स्वतः. सात माणसं.

या सात माणसांसाठी थविन रोज सकाळी साडेसहाला भोंग्यावरून बोलायचा. "वाडी क्रमांक सहाच्या सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की..." मग जे असेल ते. लसीकरण, जलपर्णी काढण्याचा दिवस, देवळातलं अन्नदान. एरवी दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर शपथ. बोलणारी त्याची बायको उराय होती. धक्क्याधक्क्यावर नाव लावून, पायऱ्यांवर बसून, कुणाच्या घरी काय शिजतंय ते पाहून यायची. ती जाऊन चार वर्षं झाली, आणि त्या चार वर्षांत थविन कामाशिवाय कुणाच्या धक्क्यावर चढला नव्हता. मुलगा रविवारी फोन करायचा. "बाबा, जेवलात?" "जेवलो." संपलं. एकटेपण माणसाला आतून पोखरतं, पण थविनला वाटायचं की आपल्याला वाडीची काळजी लागली आहे. वाडी होती तोवर तो थोरला होता. वाडी गेली की कालव्याकाठचा एक विधुर, बस.

महिन्याच्या तीन तारखेला सकाळी संग्वान आपली होडी वल्हवत त्याच्या धक्क्याला आली. सहासष्ट वर्षांची, उरायची जिवाभावाची मैत्रीण, तीन वळणं सोडून राहायची. पायाला फडकं गुंडाळलेलं.

"आहेस का, थविन? का आता भोंग्यातच राहायला गेलास?"

"ये ताई. पाणी आणू?"

"पाण्याला काय तोटा आहे इथे. सही हवी." तिने घरातल्या माणसांची सरकारी नोंद असलेलं निळ्या पुठ्ठ्याचं घराचं पुस्तक आणि एक कागद त्याच्यासमोर ठेवला. "लेक बोलावते आहे, अचरा, रायोंगला तिच्या घरी. साखर खालीवर होते, पायाची जखम भरत नाही. तिथे फुकट औषध हवं तर नाव तिथल्या घराच्या पुस्तकात हवं. आणि इथून काढल्याशिवाय तिथे चढत नाही म्हणे."

"हो. तसंच असतं."

"तसंच असतं," संग्वान म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

थविनने कागद वाचला. घर क्रमांक अकरा, वाडी सहा. जाणाऱ्या व्यक्ती, एक. राहणाऱ्या व्यक्ती, शून्य. कचेरीची बाई बावीस तारखेला घरं मोजायला येणार होती. त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही, अगदी खरं सांगायचं तर.

"कधी जायचंय?"

"तू सही करशील तेव्हा."

"ठेवून जा. बघतो."

"बघतो म्हणजे काय?"

"तपासावं लागतं ताई, कागद आहे."

"चाळीस वर्षं शेजारी राहते मी. काय तपासणार, मी मीच आहे का ते?"

थविन पुन्हा कागद वाचू लागला. ती थोडा वेळ पायरीवर बसली, जलपर्णीत अडकलेला कुणाचातरी डबा बघत. मग उठली, जपून पाय टाकत होडीत उतरली आणि गेली. थविनने कागद खणात ठेवला, जन्ममृत्यूच्या वहीखाली. सहीला अर्धं मिनिट लागलं असतं. पण एकोणीस दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं? मोजणी होऊ दे, पाच घरं लिहिली जाऊ देत, मग तेवीस तारखेला सही. ताईचं काही अडणार नाही आणि वाडीही वाचेल. माणूस स्वतःला समजवायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

चारेक दिवसांनी बदकवाला एक वाडगा घेऊन आला. नारळाच्या दुधात शिजवलेली केळी.

"संग्वानमावशीने दिली. म्हणाली, उरायच्या हातची तुला आवडायची, बघ जमलीत का."

थविनने ओळखलं. आठवण करून देते आहे. कागदाची. त्याने केळी खाल्ली आणि वाडगा धुऊन बदकवाल्याकडेच परत पाठवला. पुढच्या आठवड्यात मिरचीचा ठेचा आला, कोवळ्या कमळाच्या देठांसकट. मग खारवलेला मासा. एकेक वाडगा त्याला टोचायचा. सरळ विचारत का नाही, असं वाटायचं, आणि विचारलं तर काय सांगावं म्हणून तो तिच्या घरावरून जाताना नावेचा वेग वाढवायचा.

"मावशीने धक्क्याच्या दोन फळ्या बदलल्या," बदकवाला एकदा म्हणाला. "माझ्याकडून खिळे नेले. आता जायच्या वेळी फळ्या कशाला?"

"घर विकायचं असेल."

"कुणाला, मगरींना?"

कचेरीतल्या मासिक बैठकीला साताचा थोरला चम्रात त्याच्या शेजारी बसला होता. पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस.

"थोरले, किती दिवस ओढणार? या की आमच्यात. आमच्याकडे पूल आहे."

"आमची पाच घरं आहेत."

"आहेत ना. मी कुठे नाही म्हणतो? फक्त मोजायला दुर्बीण लागते, एवढंच."

सगळे हसले. थविनही हसला, पण घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेले होते. त्याच संध्याकाळी अचराचा फोन आला, थेट रायोंगहून.

"थविनमामा, आईच्या कागदाचं होतंय ना? इथल्या दवाखान्यात मी दोनदा जाऊन आले. आईला विचारलं तर म्हणते घाई नको. तिचं काही कळत नाही मला. तुम्ही तरी समजवा तिला."

"कचेरीत अडकलाय कागद," थविन म्हणाला. बावीस वर्षांत त्याने खोटी खबर दिली नव्हती. ही पहिली. फोन ठेवल्यावर त्याला भात गेला नाही.

बावीस तारखेला कचेरीची निरमोन पुलाखाली त्याच्या नावेत बसली. तिशीच्या आतली, डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात कागद लावलेली लिहायची फळी. तिला फार बोलायची सवय नव्हती, पण माणूस सरळ होतं.

"थोरले, मला नियमाने बघावं लागेल. नुसतं कुलूप आणि पुस्तकात नाव, हे नाही चालणार. चूल, पाण्याचे रांजण, अंथरूण."

"बघा ना. सगळं आहे."

थविनचं घर झालं. बदकवाल्याकडे फोटो काढताना बदकं तिच्या पायांत आली आणि ती पहिल्यांदा हसली. कमळवाल्या जोडप्याने तिला फुलं दिली. पिंजऱ्यांच्या म्हाताऱ्याला तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही इथेच राहता ना?"

"मी कुठला? राहतात मासे. मी भाडेकरू."

"भाडं द्यायचं विसरतो मात्र," त्याची बहीण आतून म्हणाली.

चार घरं लिहून झाली. नाव वळली तेव्हा थविनला संग्वानचा धक्का लांबूनच दिसला. दोन नव्या फळ्या पिवळ्याजर्द. पायऱ्या धुतलेल्या. संग्वान वर उभी होती, इस्त्रीचं पोलकं, चेहऱ्याला पावडर, केस ओले करून मागे घेतलेले. व्हरांड्यात चटई अंथरून तिने तीन पेले मांडले होते आणि आत चुलीवर भात रटरटत होता. घर असावं तर असं. थविनच्या जिवात जीव आला. कागदाचा विषयसुद्धा निघणार नाही, असं त्याला वाटलं.

"बस बाई, दमली असशील," संग्वान निरमोनला म्हणाली.

"आधी मागे बघून घेते आजी. रांजण मागे आहेत ना?" निरमोन कॅमेरा सावरत घराच्या मागच्या बाजूला गेली.

संग्वान चटईवर बसली. पाय लांब करून तिने फडकं नीट केलं.

"कागद कुठे आहे?"

"माझ्याकडेच आहे ताई. उद्या..."

"माहीत आहे. अचराला कचेरीत अडकला म्हणालास. मी हसले. मी तिला म्हटलं, कचेरीत नाही, त्याच्या खणात असेल." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. उराय गेली, त्यानंतर मला कुणी थांब म्हटलं नाही. अचरालाही मी हवी ती तिच्या पोरांमागे धावायला, आणि बिचारीचं चूक नाही. मी ती सही मागायला आले ना, तेव्हा खरं तर तू काय म्हणतोस ते बघायला आले होते. तू काही म्हणाला नाहीस. म्हटलं, झालं. पण मग दिवस गेले आणि तू सही करेनास. मी ओळखते तुला, थविन. दुसरा माणूस हात धरून रडला असता, तू कागद दाबून ठेवलास. मला बरं वाटलं रे. फार बरं वाटलं. अचराला मी सांगून टाकलंय की येत नाही म्हणून. पायाचं इथल्या दवाखान्यात होईल, तू नेशील नावेतून. आणि संध्याकाळी इथे बसत जा. म्हणून त्या फळ्या घातल्या, जुन्या फळ्यांनी तुला पेललं नसतं. दोन माणसं एका चुलीवर जेवली तर कुठला कायदा मोडत नाही."

 मागे निरमोन रांजणाची झाकणं उचलून बघत होती, त्याचा आवाज येत होता. केळी, ठेचा, मासा, फळ्या, सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं, आणि आपण किती मूर्ख आहोत हेही. त्यासोबत आणखी एक गोष्ट त्याला कळली, ती अशी की या क्षणी त्याला हेच हवं होतं. वाडी नको, बिल्ला नको. संध्याकाळी जायला एक धक्का आणि तिथे टोमणे मारणारं एक माणूस. चार वर्षं त्याला हेच हवं होतं.

"बोल की," संग्वान म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, पण ती हसत होती. "मी राहावं म्हणूनच ठेवलास ना?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. ते खोटंही झालं नसतं, फक्त नुकतंच खरं झालेलं असतं. पण थविनची जीभ बावीस वर्षं एकाच कामाला जुंपलेली. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर, कारणासहित.

"पाच घरं लागतात ताई," तो म्हणाला. "आज मोजणी होती. तुझं गेलं असतं तर चार झाली असती, आणि वाडी..."

 संग्वानचं हसू तसंच होतं, नुसतं त्याच्या मागचं माणूस निघून गेलं होतं.

"हं," ती म्हणाली.

तिने फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. निरमोन पुढे आली, चटईच्या कडेला टेकली आणि फळीवरचा कागद सरळ करून लिहायला लागली.

"झालं आजी. रांजण भरलेले आहेत, चूल पेटलेली आहे, सगळं छान. घर क्रमांक अकरा, राहते घर..."

"तसं नको लिहूस बाई," संग्वान म्हणाली. "लिही, हे घर रिकामं आहे."

निरमोनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पेल्यांकडे, मग आतून येणाऱ्या वाफेकडे. "आजी, तुम्ही तर इथेच बसला आहात."

"मी गेले. तीन तारखेला गेले. थोरल्यांकडे कागद आहे, त्यांना विचार."

आजवर तिने त्याला थोरले म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं तो तिच्यासाठी थविनच होता.

"थोरले?" निरमोन म्हणाली.

अजूनही नाही म्हणता आलं असतं. थविन नव्या फळ्यांकडे बघत होता. खिळे सरळ एका रेषेत ठोकलेले होते, त्या पायाने ती कशी वाकली असेल कोण जाणे.

"आहे," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

"तीन तारखेचा?"

"तीन तारखेचा."

 निरमोनला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी मोडलं एवढं कळलं होतं. तिने लिहिलेलं खोडलं आणि त्याच्या बाजूला नवीन लिहिलं. "मग चारच होतात थोरले. मला तसंच द्यावं लागेल. उरलेली घरं सातात जातील." ती उठली, संग्वानला हात जोडले आणि खाली नावेत जाऊन बसली, त्यांच्याकडे पाठ करून.

थविन उठला, पण पायऱ्यांकडे गेला नाही. ज्यासाठी एकोणीस दिवस कागद दाबून ठेवला ते गेलं होतं, आणि नवल म्हणजे त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला फक्त ही बाई इथे राहायला हवी होती. आता सांगायला काय हरकत होती? आता तर त्यात वाडी नव्हती, मोजणी नव्हती, त्याचा एका पैशाचा स्वार्थ नव्हता. हेच तिला सांगावं, म्हणजे तिला पटेल, असं त्याला मनापासून वाटलं.

"ताई, थांब," तो म्हणाला.  "आता वाडी गेली. आता तू थांबलीस तरी कुणाचा काही फायदा नाही."

बोलल्यावर त्याला ते ऐकू आलं.

संग्वानने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"हो ना," ती म्हणाली. "तेच तर."

ती चुलीकडे गेली. निखारे ओढले, भाताचं भांडं उतरवलं, कडांना फडकं गुंडाळलं आणि ते त्याच्या हातात दिलं.

"हा ने. मला आता एवढा लागणार नाही. कागद सही करून बदकवाल्याबरोबर पाठव, भांडंही त्याच्याबरोबरच. तू नको येऊस."

थविन भांडं घेऊन नावेत उतरला. निरमोनला त्याने पुलाशी सोडलं. घरी येऊन त्याने खण उघडला, सही केली, शिक्का मारला, आणि बदकवाल्याला हाक मारली. भात तिघांचा होता. तो त्याने एकट्याने दोन दिवस खाल्ला.